सायलेन्सरमधलं पाणी

माझ्या गाडीच्या सायलेन्सरमधून अर्धा तांब्या पाणी निघालं तेव्हा माझी मावशी जाऊन चार महिने झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला साकोलीच्या हायवेवरच्या एका गॅरेजात, एक पाय हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं. कळायला नको होतं असं मी म्हणत नाही. कळायला हवंच होतं, पण तीन वर्षं आधी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून दोन किलोमीटर. लग्न केलं नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर माझ्या घरात सगळ्यांनी बोलून झालेलं आहे. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होते, जमिनीखाली, पंपावर. रिटायर झाल्यावर कंपनीची खोली सोडावी लागली. मुलगी साकोलीला नोकरीवर, तिनं दोन खोल्यांचं घर बांधलेलं, म्हणून ते दोघं माझ्याकडे आले. बाबा यायला तयार नव्हते. आयुष्यभर ज्या कॉलनीत राहिले तिथेच कुठे भाड्यानं राहू म्हणत होते. आई मात्र लगेच तयार झाली. तिचं कारण एकच होतं आणि तिनं ते लपवलंही नाही. "साकोलीवरून अड्याळ जवळ पडते," असं म्हणाली.

अड्याळला तिची मोठी बहीण, माझी मावशी. आई तिला बाई म्हणायची. दोघींमध्ये बारा वर्षांचं अंतर. आजी लवकर गेली तेव्हा आई पाच वर्षांची होती, आणि मावशीनंच तिला वाढवलं. मावशी भाताच्या रोवणीला जायची तर हिला शेताच्या धुऱ्यावर बसवून ठेवायची आणि दर ओळीला मान वर करून बघायची, पोरगी आहे ना जागेवर. हे आईनं मला इतक्यांदा सांगितलं की मी पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायचे. चिखल्यावरून आईला वर्षातून दोनदा जायला मिळायचं. साकोलीला आल्यावर तिनं पंधरा दिवसांचा नेमच धरला. सकाळी डबा करायचा, आमची जेवणं झाकून ठेवायची, अर्ध्या तिकिटात एसटीनं लाखनी, लाखनीला गाडी बदलून अड्याळ. मावशीचे गुडघे गेलेले होते, ती कुठे येऊ-जाऊ शकत नव्हती. आई तिचं डोकं विंचरून द्यायची, तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. आल्यावर दोन दिवस घरात ती गुणगुणत असायची.

मग मी गाडी घेतली.

सेकंड हँड, पेट्रोलची, पांढरी. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. आधी विहारात नेली, मग घरी आणली. बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरांना बोटानं टिचकी मारली आणि त्या दिवसापासून गाडी माझी राहिली नाही. हप्ते माझे, गाडी बाबांची. चालवता त्यांना येत नव्हती. पण चालू-बंद करता येत होती, आणि तेवढं पुरलं.

बाबांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. खाणीच्या पोटात पाणी झिरपत असतं, ते पंपानं वर फेकत राहायचं. पंप थांबला की पाणी चढतं. त्यामुळे मशीनबद्दल त्यांची एकच शिकवण होती आणि ती ते येईल-जाईल त्याला सांगायचे: "मशीन उभी राह्यली का मेली समज." राखीव ठेवलेला पंपसुद्धा ते रोज पाच मिनिटं चालवायचे, गरज असो-नसो. मग गाडी कशी सुटणार? रोज सकाळी आंघोळ झाली की बाबा गाडीवरचं कव्हर काढायचे, घडी करायचे, चावी फिरवायचे. पाच मिनिटं गाडी जागेवर घरघरायची. मग बंद. मी शाळेत जायला निघायचे तेव्हा परत चालू, दोन किलोमीटर, बंद. दुपारी परत दोन किलोमीटर, बंद. बाबांनी ताबडतोब कव्हर घालायचं.

त्या पाच मिनिटांत मागच्या नळीतून पाणी ठिबकायचं. थंडीच्या दिवसांत तर खाली चांगलं ओलं व्हायचं. एकदा बाबांनी मला हाताला धरून मागे नेलं.

"पाह्य, कशी पानी फेकून राह्यली," म्हणाले. "इंजिन एकदम बरोबर आहे."

जी मशीन पाणी बाहेर फेकते ती धडधाकट, हे तीस वर्षांचं ज्ञान होतं. मी हसले. माझ्याकडे त्याहून वेगळं ज्ञान होतं आणि मी ते वापरलं नाही, हे जास्त वाईट. दरवर्षी मी पाचवीच्या वर्गात स्टीलचा पेला घेऊन जाते, त्यात बर्फ टाकते, बाहेरून पेला ओला झाला की विचारते, हे पाणी कुठून आलं? मुलं म्हणतात, गळलं. मी म्हणते, नाही, हवेत वाफ असते, गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं, याला सांद्रीभवन म्हणतात, लिहून घ्या. इतकी वर्षं लिहून घ्या म्हणतेय. स्वतः कधी लिहून घेतलं नाही.

आईच्या एसटीचं काय झालं ते सांगते. गाडी आली त्याच महिन्यात ती नेहमीसारखी पिशवी भरून निघाली, तर बाबांनी दारात अडवली.

"घरी गाडी असून तू येष्टीनं जाशीन? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं काय म्हनतीन, बाईकडं चालली म्हनतीन," आई म्हणाली.

"पोरीनं गाडी घेतली न मायले लाल डब्यात पाठवते, असं म्हनतीन. रविवारी गाडीनं जाजो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मीही हो म्हणाले. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. आई गाडीतून उतरते आहे, मावशीची सून दारात येऊन बघते आहे, हे चित्र मला हवं होतं.

पण रविवार हा माझा एकच दिवस. शनिवारी संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "उद्या तुले सुट्टी आहे ना?" सरळ विचारायची नाही कधी. मला कळायचं. मी म्हणायचे, वह्या तपासायच्या आहेत. कधी मतदार यादीचं काम असायचं, कधी ट्रेनिंग, कधी काहीच नसायचं आणि मला फक्त दुपारी झोपायचं असायचं. "दर हप्त्याला एवढ्या लांब कायले जाचं, आई? पेट्रोल काय फुकट येते?" हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी तिला नेलं आणि नेलं की उपकार केल्यासारखं नेलं. पंधरा दिवसांचा नेम मोडला तो असा, कुणी न मोडता.

बाबा म्हणायचे ते अगदीच चूक नव्हतं. लोक बोललेच असते. पण लोकांचं बोलणं आणि आईचं गप्प बसणं यात आम्ही दोघांनी सोयीचं ते निवडलं.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर गाडीचा आवाज थोडा जाड झाला. बाबांना पंपाच्या आवाजानं कमी ऐकू येतं. त्यांना तो जाड आवाज आवडला, इंजिन दमात आलं म्हणाले. त्याच सुमारास एका रविवारी आम्ही अड्याळला निघालो. पुढे मी आणि बाबा, मागे आई. पुढची सीट बाबांची होती, कारण गुडघे वाकत नाहीत म्हणून त्यांना पाय लांब करायला लागत. ही व्यवस्था पहिल्या दिवशी ठरली आणि कुणी बदलली नाही. काचा बंद, एसी चालू. लाखनी गेल्यावर आई म्हणाली, डोकं दुखतंय. मग म्हणाली, "धुराचा वास येऊन राह्यला."

"समोरच्या ट्रकचा असंन," मी म्हणाले.

"ट्रक तं कवाचाच गेला."

बाबा मागे न वळता म्हणाले, "मी तीस वर्षं बारूदच्या धुरात काम केलं. मले वास येत नाही, तुले कुठून येते?"

खाणीत सुरुंग उडवला की धूर निघून जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नसतं, हे बाबांनीच आम्हाला सांगितलेलं. धुरानं माणूस कसा न कळत आडवा होतो हेही त्यांनीच सांगितलेलं. त्या धुरातच त्यांचं नाक गेलं होतं. भात करपला तरी त्यांना कळायचं नाही, त्यावरून आई त्यांची थट्टा करायची. पण त्या दिवशी गाडीत त्यांचं गेलेलं नाक हाच पुरावा ठरला आणि आईचं शाबूत नाक खोटं पडलं. अड्याळच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकली.

"आईले गाडी लागते," असं घरात ठरलं. मी तिला चिडवायचे, "तुले लाल डब्याचीच सवय. एसी सोसत नाही तुले." ती ओशाळून हसायची. आता विचार केला की माझ्या कानशिलात मारावीशी वाटते. ज्या बाईला एसटीच्या मागच्या सीटवर, खिडकीची काच तुटलेली, डिझेलचा धूर नाकात, खड्ड्यात डोकं टपाला लागतंय, अशा प्रवासात चाळीस वर्षांत कधी काही झालं नाही, तिला अचानक माझ्या गाडीत काय झालं, हा प्रश्न आम्हा दोन शहाण्यांना पडला नाही. गाडी आमची होती ना. आमच्या गाडीत दोष असणं शक्य नव्हतं, आईत असणं शक्य होतं.

मी एक उपाय मात्र केला. वास येतो म्हणते ना, म्हणून गुलाबाच्या वासाची एक बाटली आणली आणि आरशाला टांगली. पुढच्या खेपेला आई म्हणाली, आता गुलाब न धूर दोन्ही येते.

शेवटची खेप हिवाळ्यातली. मावशीला अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात, डावा पाय गेलेला, जीभ जड झालेली, पण ओळख होती. तिनं मुलाकडून फोन लावून घेतला आणि तोतऱ्या बोलण्यात एवढंच म्हणाली, "येवून जाय वं." आई म्हणाली, मी एसटीनं जाते. बाबा म्हणाले, अशा वेळी एसटी? मीही ओरडले. थंडी होती म्हणून काचा घट्ट बंद केल्या, आईला शाल गुंडाळून मागे बसवलं, लिंबू हातात दिलं. तासाभरानं अड्याळला पोचलो तेव्हा ती मान टाकून बसली होती. तोंड लालसर, हाक मारली तर डोळे उघडत होती आणि परत मिटत होती. मी आणि मावशीच्या मुलानं तिला धरून आत नेलं. मावशीच्या खाटेजवळ दुसरी खाट टाकली आणि तिला आडवं केलं.

मावशीला मान वळवता येत होती. ती आईकडे बघत राहिली. मग तिनं उजवा हात, जो चालत होता तो, सरकवत सरकवत दुसऱ्या खाटेवर आणला आणि आईच्या कपाळावर ठेवला. "काहून वं," म्हणाली, "तुले काय झालं?" आणि कपाळ दाबत राहिली. बहीण भेटायला आली होती ती झोपली होती, आणि झटका आलेली बाई तिचं डोकं दाबत होती. मावशीला आईशी काहीतरी बोलायचं होतं. दोन-तीनदा तिनं तोंड उघडलं, हिच्याकडे पाहिलं, आणि झोपू द्या म्हणून हात हलवला. चार वाजता आई उठून बसली, तेव्हा मी घड्याळ बघत होते. सोमवारी शाळा होती. "चल आई, उशीर होऊन राह्यला," मी म्हणाले. दोघींचं एकमेकींशी नीट बोलणं झालं नाही ते झालंच नाही.

त्यानंतर आई गाडीत बसली नाही. तिला वाटायला लागलं की तिलाच काही मोठं झालं आहे, डोक्यात गाठ वगैरे. मला तसं बोलली नाही. विहारातल्या एका बाईला बोलली, तिनं मला सांगितलं. मी आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तपासलं, बीपी घेतला, काही नाही म्हणाला, प्रवास टाळा म्हणाला. झालं. प्रवास टाळा हे डॉक्टरनं सांगितल्यावर बाबांनी एसटीही बंद केली. मावशीचा फोन आला की आई सांगायची, बरं वाटत नाही, बरं वाटलं की येते. आणि मी आतल्या खोलीतून म्हणायचे, गाडी दारात उभी आहे, तूच येत नाहीस.

उन्हाळ्यात मावशी गेली. सकाळी फोन आला. मी शाळेतून रजा घेऊन घरी येईपर्यंत आई पिशवी घेऊन बसस्टँडवर गेली होती, बाबांना न विचारता. त्यांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं असेल. मी आणि बाबा गाडीनं गेलो. आम्ही तासाभरात पोचलो. आईला लाखनीला पुढची गाडी मिळेना. उन्हाचे दिवस, लोक थांबले, आणखी थोडं थांबले. शेवटी उचलायची तयारी झाली तेव्हा ती रस्त्यानं जवळजवळ पळत येताना दिसली. तिला बहिणीचं तोंड बघायला मिळालं ते उभ्याउभ्या, चार माणसं खांद्याला लावायच्या बेतात असताना. आणि परतताना मी तिला काय म्हणाले ते लिहिलं पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. अड्याळच्या बसस्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत गेले तेव्हा मी म्हणाले, "गाडीत बसली असतीस तं तासभर भेटली असती तुले." ती एसटीत चढली.

चार महिन्यांनी शाळेच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावर माझ्या गाडीचा सायलेन्सर निखळून पडला. प्रार्थना चालू होती. सगळी शाळा रांगेत उभी राहून ते बघत होती आणि तोंडानं प्रार्थना म्हणत होती. शाळेच्या शिपायानं तारेनं तो कसाबसा बांधून दिला आणि मी फरफटत गाडी हायवेवरच्या गॅरेजात नेली.

मेकॅनिक माझ्याच वयाचा. त्यानं तार सोडली, सायलेन्सर काढला आणि तिरपा केला. तांबूस पाणी भळभळ बाहेर आलं. त्यानं खाली डबा धरला होता, तो अर्धा भरला. मग सायलेन्सर उलटा केला. वरच्या बाजूला, जी गाडीच्या पोटाला चिकटून असते आणि खाली वाकून पाहिलं तरी दिसत नाही, तिथे तळहात जाईल एवढं भोक होतं. त्यानं कडेला अंगठा दाबला तर पत्रा पापडासारखा मोडला.

"मॅडम, हा बाहेरून नाही सडला. आतून सडला," तो म्हणाला. "गाडी किती चालवता?"

मी सांगितलं. दोन किलोमीटर जायचं, दोन यायचं. आणि सकाळी वडील पाच मिनिटं चालू करून ठेवतात.

त्यानं कपाळावर हात मारला नाही, शांतपणे समजावून सांगितलं, तेच मला जास्त लागलं. पेट्रोल जळलं की धुरासोबत वाफ निघते. नळी थंड असली की वाफेचं पाणी होतं. गाडी लांब चालली तर नळी तापते आणि ते पाणी परत वाफ होऊन उडून जातं. पण पाच मिनिटांत नळी तापतच नाही. पाणी तयार होतं आणि आतच राहतं. सकाळी पाच मिनिटांचं, मग शाळेपर्यंतचं, मग परतीचं. त्यात आमच्या पोर्चला रस्त्याकडे उतार, आणि बाबांचा हट्ट की गाडी तोंड बाहेर करूनच उभी करायची. म्हणजे मागची बाजू उंच, पाणी बाहेर वाहायला जागा नाही. थोडं ठिबकायचं ते बाबांना दिसायचं. राहायचं ते दिसत नव्हतं. तीस वर्षं खाणीतून पाणी उपसलेला माणूस रोज सकाळी पाच मिनिटं सायलेन्सरमध्ये पाणी भरत होता.

"पंधरा दिवसातून एकदा तरी तासभर सलग चालवाची," मेकॅनिक म्हणाला. "कुठंही जा. जाऊन वापस या. एवढं केलं असतं तं काहीच झालं नसतं."

पंधरा दिवसांतून एकदा तासभर जाऊन परत, हे मला कुणीतरी दर शनिवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगत होतं.

मग त्यानं डिक्की उघडली, स्टेपनी काढली आणि खालच्या पत्र्यातल्या एका गोल भोकात बोट घातलं. तिथलं रबरी बूच कधीतरी निघून गेलं होतं, कदाचित मी गाडी घेतली त्याच्याही आधी. बोट खालून हलताना दिसत होतं, बरोबर सायलेन्सर होता त्या जागेवर.

"मागं कोन बसते?" त्यानं विचारलं.

"आई."

"त्याइले डोकं गिकं दुखत नाही ना? हा धूर सीधा मागच्या सीटवर येते. काचा बंद, एसी चालू, म्हणजे तं माणूस बेहोश होते, मॅडम. नशीब समजा."

त्यानं हात पुसले आणि नव्या सायलेन्सरचा भाव सांगायला लागला. मला ऐकू येत होतं पण मी तिथेच बसून राहिले. मावशीचा हात कपाळावर होता आणि आई उठत नव्हती, ते मला दिसत होतं. त्या दिवशी मी आईला मारायला निघाले होते, असं म्हटलं तर जास्त होईल. पण एकीला बोलू दिलं नाही आणि दुसरीला ऐकू दिलं नाही, एवढं तर मीच केलं, आणि गुलाबाचा वास लावून केलं.

घरी आले. आई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. सायलेन्सर, पाणी, भोक, बूच. तुला काही झालं नव्हतं, तुझं नाक बरोबर होतं, आमचं चुकलं. माफ कर म्हणाले की नाही ते आठवत नाही; म्हणाले असेन. ती ताटातले खडे बाजूला काढत ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"म्हनजे मले काहीच झालं नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग मी येष्टीनं जाऊ शकत होती."

एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं ताट उचलून आत गेली आणि भात टाकला.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते, म्हणजे जेवढं ऐकू येत होतं तेवढं. नवा सायलेन्सर बसवून गाडी घरी आली त्या दिवशी संध्याकाळी ते मला अंगणात दिसले नाहीत. पाहिलं तर गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते, आईच्या जागेवर. गाडी बंद, काचा बंद. न वाकणारे गुडघे कसेबसे मावले होते. नाक वर करून वास घेत होते. मी दार उघडलं तर म्हणाले, "मले काहीच वास येत नाही." मला त्यांचा राग आला होता, अजूनही आहे, पण तेव्हा मी त्यांना हात देऊन बाहेर काढलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी चावी मागितली नाही. आंघोळ करून कव्हरकडे बघत बसतात.

आईला मी म्हटलं, गाडी आता बरी आहे, पुढे बस, काच उघडी ठेव, कुठे म्हणशील तिथे नेते. ती म्हणाली, "आता कोनाकडं जाऊ?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच विचारत होती.

गाडी मात्र चालवावी लागते. नवा सायलेन्सर महाग आहे आणि मेकॅनिकनं बजावलं आहे, तासभर सलग. म्हणून आता दर रविवारी सकाळी मी निघते. वह्या असतात, मतदार यादी असते, झोपही आलेली असते, पण निघते. आई दारात येते, कुठे चाललीस असं विचारत नाही. लाखनीपर्यंत हायवे, मग आत वळायचं. एसी लावत नाही. मागची सीट रिकामी. तासाभरानं अड्याळ येतं. मावशीच्या घरासमोर गाडी वळवायला पुरेशी जागा आहे. तिची सून एकदा बाहेर आली, या ना म्हणाली. मी म्हटलं, काम नाही काही, गाडी फिरवायला आणली. उतरून मागे जाते आणि नळीखाली हात धरून बघते. कोरडी असली की घरी परत येते.